चीनची करवंटी

"पाहुण्यांकडे घराणी, किताब असलं काही नाही, काका. त्यांच्यात सगळे सारखे," सेफो तिसऱ्यांदा म्हणाला.

"मग करवंटी कुणाच्या नावानं पुकारू?" लेउपोलूनं विचारलं.

सेफो राजधानी आपिआहून आलेला सरकारी अधिकारी. सामोआचे चीनशी संबंध जुळून महिनाही झाला नव्हता आणि पहिलं शिष्टमंडळ आमच्या गावी येऊन बसलं होतं. लेउपोलू गावचा वक्ता. नारळाच्या करवंटीतून आवा, म्हणजे मुळ्यांचं मानाचं पेय, देताना ती कुठल्या घराण्याची, हे पुकारायचं काम त्याचं. वीस वर्षांत एक नाव चुकलं नव्हतं. नाव न पुकारता करवंटी पुढे करणं म्हणजे पाहुण्याला दारातूनच परत पाठवणं. सेफो मूळचा गावचाच, त्याला हे कळत होतं. पण त्याच्या कागदावर ‘सन्माननीय अतिथी’ एवढंच होतं आणि तेवढं म्हणून मोकळे व्हा, असा त्याचा सकाळपासून धोशा.

पाहुणेही काही कमी नव्हते. पिण्याआधी पूर्वजांसाठी चार थेंब चटईवर सांडायचे असतात, असं त्यांच्या प्रमुखांना, लुओसाहेबांना, सांगून झालं होतं. असलं आम्ही मानत नाही, असं दुभाष्याकरवी उत्तर आलं.

मानकरी खांबाखांबाला टेकून बसले. लेउपोलू काठी टेकून उठला. सेफोनं कागद पुढे केला, तो त्यानं घेतला नाही. जे नाव आईनं मरेपर्यंत घरात घेऊ दिलं नाही, ते आता गावासमोर घ्यायचं होतं. उद्या हेच मानकरी त्याच्या हातातली वक्त्याची काठी काढून घेऊ शकत होते.

"ही करवंटी आ फाईच्या घराण्याची," त्यानं आवाज लावला. "कोकोच्या मळ्यातला चिनी मजूर. मालक त्याला चारशे बारा नंबर म्हणायचे. तो इथल्याच मातीत गेला. आज त्याची माणसं आली आहेत."

सेफोनं डोक्याला हात लावला. मानकरी एकमेकांकडे बघू लागले. शेवटी सगळ्यांत वयस्कर मानकरी करवंटी धरून उभ्या असलेल्या पोरीला म्हणाला, "ऐकलंस ना? घेऊन जा."

लुओसाहेबांनी करवंटी दोन्ही हातांत घेतली. दुभाष्याचं सांगून होईपर्यंत ते थांबले. मग त्यांनी विचारलं, "हा आ फाई कोण?"

"माझ्या आईचा बाप," लेउपोलू म्हणाला.

लुओसाहेबांनी दुभाष्याचं ऐकून घेतलं. मग त्यांनी ती चटईवर तिरकी केली. चार थेंब नाही, निम्मी.