तेरा घरांची वस्ती

"थांबलीस का? वाच की म्होरं," छबूबाई म्हणाल्या.

भर दुपारी दोघी खर्ड्यापुढच्या ओढ्याकाठी उभ्या होत्या. आजूबाजूला पडक्या चौथऱ्यांचे दगड आणि बाभळी. इथला दगड कुणी घर बांधायलाही नेत नाही, असे रिक्षावाल्याने सांगितले होते. तो स्वतः रस्त्यावरच थांबला होता.

रोहिणी नगरच्या कॉलेजात मराठी शिकवायची. हातातले पुस्तक तिच्या खापरपणजोबांचे, भिमाजी मास्तरांचे. नगरहून तुळजापूरपर्यंत पायी केलेल्या प्रवासाची हकिगत. छापून सव्वाशे वर्षे झाली होती आणि एवढी एकच प्रत उरली होती. तिला ते पुन्हा छापायचे होते. त्याआधी त्यातल्या एका वस्तीचे नाव शोधायचे होते, तिथल्या लोकांचे आभार मानायचे होते. खर्ड्यात विचारल्यावर सगळ्यांनी पंच्याऐंशी वर्षांच्या छबूबाईंचे घर दाखवले.

ती वाचू लागली. "वाटेत मला पटकीने गाठले. ओढ्याकाठी तेरा घरांची वस्ती होती. तेथील सावित्रा नामक बाईने चार दिवस स्वहस्ते पाणी पाजून मला वाचविले. पाचव्या दिवशी मी मार्गस्थ झालो. वस्तीचे नाव विचारावयाचे राहिले."

छबूबाई एका दगडाला धरून खाली बसल्या.

"सावित्रा म्हंजी माझ्या आजेसासूची आई," त्या म्हणाल्या. "पावन्याला पटकी हाय म्हनल्यावर तिनं पाच वर्सांच्या लेकीला मामाकडं धाडलं. आन् सोता हितंच ऱ्हायली. महिन्यानं लेक माघारी आली, तर तेराच्या तेरा घरांची दारं सताड उघडी. आत कुनीच न्हाई."

वारा पडला होता. कॉलऱ्याने रिकाम्या केलेल्या त्या चौथऱ्यांकडे रोहिणीला बघवेना. हे पान तिने लहानपणापासून किती कौतुकाने वाचले होते! घरात सगळ्यांनीच वाचले होते.

"बाई, ते माझे खापरपणजोबा," ती कशीबशी म्हणाली.

छबूबाईंनी तिचा हात धरला. "म्होरं लई जगला का त्यो?"

"चाळीस वर्षं."

म्हातारीने पदराने डोळे टिपले.

"बरं झालं, पोरी. आजेसासू मरस्तवर येका-येकाला इचारायची, माझ्या आईनं जीव लावला त्यो पावना तरी वाचला का म्हनून."