हिलालनानांची शिफारस

"नाना, इथे तुमची सही लागेल." प्रमिलाने अर्ज फोरमन हिलालनानांपुढे ठेवला.

१९८९चा मे महिना. धुळ्याच्या सरकीतेलाच्या गिरणीत जेवणाची सुट्टी झाली होती. एम.टेक.साठी बाकी सगळं जमलं होतं. केमिकलची पदवी पहिल्या वर्गात, गेटचा निकाल, जवळजवळ दोन वर्षांचा अनुभव, कॉलेजातल्या सरांची शिफारस. दुसरी शिफारस मात्र कामावर जवळून पाहणाऱ्या माणसाची हवी होती, आणि अर्ज आज पोस्टात पडायलाच हवा होता.

नानांनी चष्मा लावला, इंग्रजी अक्षरं पाहिली आणि चष्मा परत काढून ठेवला. "मी सातवी शिकेल माणूस. मोठा साहेबकडे जाय ना, माय."

"साहेबांनी मला टाकीपाशी कधी पाहिलंय? मी प्रश्न वाचते, तुम्ही सांगा. इंग्रजीत मी लिहिते."

पहिला प्रश्न होता, उमेदवाराला केव्हापासून ओळखता?

नाना हसले. "तू उनी त्या दिन नागपंचमी व्हती. पायमा नवी कोरी चप्पल. मी मनमा म्हणं, हाई पोर आठ दिन बी टिकनार नही."

"तिसऱ्याच दिवशी तेलावर घसरले. चप्पल तुटली. मग तुम्ही तुमचे बूट दिलेत."

"आन् तू त्या घालीसन बदकनागत चालेस!"

दोघंही हसत राहिले. बॉयलरची घरघर तेवढी ऐकू येत होती. प्रमिलाला एकदम वाटलं, हा आवाज आता थोडेच दिवस.

प्रश्न पुढे सरकत गेले. शेवटच्या प्रश्नाशी तिचं पेन थांबलं. उमेदवारातला दोष.

"साबणनं लिख," नाना म्हणाले.

पहिल्याच महिन्यात तेल शुद्ध करताना तिच्या हातून कॉस्टिक सोडा जास्त पडला होता. अर्ध्या टाकीचा साबण झाला होता.

"नाना, ते लिहिलं तर मला कोण घेईल?"

"पुरं लिख. टाकी कोनी बिघाडी, कोन्हालेच माहीत नव्हतं. तू सोता येईसन सांगं. बिगर चुकेल पोरले तठे काय शिकाडतीन?"

प्रमिला कागदाकडे बघत राहिली. दोषाच्या रकान्यात 'फार मेहनत करते' असं लिहूनही भागलं असतं. नानांना काही कळलं नसतं.

ती लिहू लागली. टाकी, कॉस्टिक, साबण. मग तिने येऊन सांगितलेलं. नानांनी म्हटलं तसं, एकही शब्द न गाळता.

"वाचून दाखवू?"

नानांनी हात धोतराला पुसले आणि पेन घेतलं.

"काय वाचस? तूच लिखेल शे ना."

आणि त्यांनी मराठीत, सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.