मग काढल्या कशाला?

डॉक्टर पुजारी खाटेजवळ आले ते हसतच. नीलम्मा झटकन उठून उभी राहिली, पण तिचा जीव काही थाऱ्यावर आला नाही. डॉक्टरांच्या हसण्यावर जाऊ नये, असं तिचं मत होतं.

तिचा नवरा चनबसप्पा भिंतीकडे तोंड करून पडला होता. कर्करोग झालेलं मूत्राशय डॉक्टरांनी काढून टाकलं होतं आणि लघवीसाठी पोटावर पिशवी लावली होती. ओटीपोटातल्या, सगळ्यांच्याच अंगात असतात त्या बारीक बारीक गाठीही काढून पुण्याला तपासायला पाठवल्या होत्या. हा रोग पसरला तर आधी त्या गाठींतच शिरतो; तिथं सापडला तर पुढचं अवघड, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. सूत रंगवताना अख्खी गल्ली डोक्यावर घेणारा हा माणूस तेव्हापासून मुका झाला होता.

"पुण्याहून कळलं," डॉक्टर म्हणाले. "गाठी सगळ्या साफ आहेत. एकीतसुद्धा रोग नाही."

नीलम्माचा आवाज चढला.

"चांगल्या होत्या? मग काढल्या कशाला?"

सिस्टरनं जीभ चावली. शेजारच्या खाटेवरचे हिंदुराव कण्हायचे थांबले.

"अहो, काढल्या म्हणून तर कळलं!" डॉक्टर म्हणाले.

"आन् आता परत बसवाय येत न्हाईत व्हय?"

चनबसप्पाचे खांदे गदगदू लागले. रडतोय, असं वाटून नीलम्मा लगबगीनं त्याच्यावर वाकली. तो दोन्ही हातांनी टाके दाबून धरून हसत होता.

"गप की गं! टाके तुटतील माझे!"

त्याचा तो आवाज ऐकला आणि तेव्हा कुठं तिला सगळं उमगलं. "सिद्धरामा, देवा रे!" म्हणत ती खाली फरशीवरच बसली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि हसू तर आवरतच नव्हतं.

चनबसप्पा हळूच या कुशीवर वळला. इतके दिवस पिशवीवर ओढून धरलेली चादर त्यानं आपल्या हातानं बाजूला केली.

"डॉक्टरसाहेब, ही घिऊन सायकल चालवाय येईल का?"

"जखम भरू द्या. मग खुशाल चालवा."

"डबलसीट?"

डॉक्टरांनी नीलम्माकडे पाहिलं. "ते बसणारीला विचारा."

नीलम्मा तोंड फिरवून उठली आणि उगाच उशी झटकू लागली.

"सायकलला कॅरिअर कुटं हाय?" ती म्हणाली.

"बसवून घेतो की," चनबसप्पा म्हणाला.