वडनेरची फायनल

“फायनल वडनेरातच होईन! सांगून ठेवतो!” ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सरपंच रूपरावांनी मांडीवर थाप मारली आणि जमलेल्या गावानं टाळ्या कुटल्या.

समोर जिल्हा कबड्डी मंडळाचे सचिव प्रभाकरराव घाम पुसत बसले होते. मुलींच्या स्पर्धेची फायनल वडनेर विरुद्ध नाचणगाव ठरली होती. मैदान निवडायचा हक्क मागच्या वर्षीच्या विजेत्यांचा, आणि वडनेर तर दरवर्षी जिंकायचं, दरवर्षी आपलंच मैदान सांगायचं. यंदा मात्र एका चॅनलला सामना टीव्हीवर आणि मोबाइलवर लाइव्ह दाखवायचा होता. त्यांना वर्ध्याचा हॉल हवा होता. तिथं मॅट, दिवे, खुर्च्या, सगळा थाट.

“मोबाइलवर कबड्डी?” म्हातारा तानबा फिसकन हसला. “नाकात धूळ गेल्याबिगर कबड्डी समजते का गा?”

“पण आबाजी, अमेरिकेतला माणूसबी आपल्या पोट्ट्याइचा खेळ पाहीन,” मोबाइल दुरुस्त करणारा रोशन म्हणाला.

“मंग त्यानं तिकीट काढून वडनेरले यावं! आम्ही नाई म्हणतो का?”

गाव खो खो हसलं.

वडनेरचा हा तोरा काही फुकटचा नव्हता. मैदान गावानं स्वतः केलं होतं, तळ्यातली माती आणून, चाळून, पाणी मारमारून. आणि पाहुणचार तर विचारूच नका! दोन्ही संघ, पंच, पाहुणे, सगळ्यांची पंगत वडनेरच घालायचं. खेळणाऱ्या पोरींच्या आयांनीच ते रांधायचं, असा गावचा रिवाज. त्यांची म्होरकी म्हणजे रूपरावांची बायको रुख्माबाई. तिच्या वांग्याच्या भाजीचं कौतुक नाचणगावच्या पोरी हरून परत गेल्यावरही करायच्या.

“वर्ध्यात काय भेटते? डब्यातला थंडा भात!” रूपराव म्हणाले. “फायनल म्हणजे नुसता खेळ नसते जी. गावाची इज्जत असते.”

“हक्क तुमचाच आहे,” प्रभाकरराव म्हणाले. “फक्त कॅप्टनच्या तोंडून ऐकू द्या. म्हणजे चॅनलवाल्यांना सांगायला मी मोकळा.”

गाव पुन्हा हसलं. कॅप्टन म्हणजे रूपरावांचीच वर्षाली! निरोप मिळताच सराव अर्धा टाकून ती आली, अंगावर धूळ, कपाळावर घाम. रूपरावांची छाती आपोआप फुगली. अशी लेक असल्यावर कोणाची फुगणार नाही?

“बोल बेटा, सांग याइले.”

“वर्ध्याले घ्या,” वर्षाली म्हणाली.

क्षणभर कोणाला खरंच वाटेना. मग एकच गलका उठला. “बाप्पा! घरभेदीच निघाली पोट्टी!” “टीव्हीवर दिसाची हौस हाय, दुसरं काय!” रूपरावांचा चेहरा पार उतरला. भर गावात पोटच्या पोरीनं नाक कापलं होतं.

“काऊन वं? आपल्या मातीत काय कमी हाय?”

“मातीत काई कमी नाई, बाबा.” वर्षालीनं मान खाली घातली नाही. “मागच्या फायनलले मी शेवटची रेड मारली, अन् सारं गाव नाचून राह्यलं होतं. तव्हा आई कुठी होती?”

रूपरावांनी तानबाकडे पाहिलं.

“चुलीपाशी,” तानबाच पुटपुटला.

“अन् त्याच्या आंधीच्या साली? हरसाल फायनल आपल्या गावात, अन् हरसाल माही आई भाजी हालवता हालवता लोकाइले इचारते, माही पोरगी जितली का म्हणून.”

ओट्याच्या मागे बायका उभ्या होत्या. त्यातल्या एकीनं हळूच पदर डोळ्यांना लावला. आता कोणी हसेना, कोणी टाळी वाजवेना. मग रूपराव उठले आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

“वर्धाच ठरवा, प्रभाकरराव. अन् पयली रांग पोरीइच्या मायाइसाठी ठेवजा. तिथं एकबी गडी बसला त मी स्वतः उठवीन त्याले.”

वर्ध्याच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत वडनेरच्या बाया ठेवणीतली पातळं नेसून बसल्या. पलीकडे नाचणगावच्याही आया होत्या. पहिल्याच रेडला चौघीजणी वर्षालीवर तुटून पडल्या. रुख्माबाई ताडकन उठली. “अवं सोडा तिले! मरून जाईन ना माही पोर!”

अख्खा हॉल हसला. मागच्या रांगेतून रूपराव वाकून समजावू लागले, “पकड म्हणतात त्याले, बस खाली.” ती बसली, पण पुढल्या रेडला पुन्हा उठली. सामना अर्ध्यावर येईतो तिला खेळ उमगला होता आणि तिच्याहून मोठा आवाज हॉलमध्ये कोणाचा नव्हता. शेवटच्या रेडला पाच जणींना अंगावर घेऊन वर्षाली सरपटत आली आणि तिच्या बोटांची टोकं मधल्या रेषेला लागली. वडनेर जिंकलं. पंचांच्या शिट्टीआधीच रुख्माबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

चॅनलची मुलगी माइक घेऊन तिच्यापाशी धावली. “मावशी, मुलगी इतकी वर्षं खेळतेय. आज कसं वाटतंय तुम्हाला?”

रुख्माबाईनं कॅमेऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिची नजर लेकीवरून हलत नव्हती.

“इतके वर्सं मी हिच्या फुटलेल्या गुडघ्याइले नुसती हळद लावली, बाई. कायसाठी फुटत होते, ते आज दिसलं.”