मागच्या सीटचा पट्टा

बेफाम टॅक्सी हाकून मागच्या सीटवरच्या मुलीचा जीव घेणाऱ्या चालकाची शिक्षा आज मी निम्म्यावर आणली. मुलीने पट्टा लावला नव्हता, तेव्हा थोडी चूक तिचीही, हे त्याच्या वकिलाचं म्हणणं मला पटलं.

"साहेब, कोपऱ्यापर्यंत जायचं असलं तरी माझी पोर आधी पट्टा लावायची," तिची आई सांगत होती. आईच ती, दुसरं काय बोलणार? तिच्याकडे न बघता मी निकाल वाचला.

संध्याकाळी एकटाच घरी निघालो. कोर्टाच्या फाटकाबाहेर पडलो आणि गाडी टिंग टिंग वाजू लागली. समोर लाल दिवा लागला: मागे बसलेल्याने पट्टा लावलेला नाही.

गाडी बाजूला घेतली. मागे कुणीच नव्हतं, साधी पिशवीसुद्धा नव्हती. सीट चाचपली, दारं पुन्हा आपटून लावली. निघालो, तर परत तेच. घंटा वाजवावी तसं ते डोक्यात वाजत राहिलं.

"अगं, मग लाव ना एकदाचा!" मी ओरडलो.

मागे पट्टा सरसरत ओढला गेला. खट्ट झालं. टिंग टिंग थांबली.