ओठांची बोली

लँकेशायरभर वाफेच्या कापडगिरण्या आल्या आणि माझा हातमाग मुका झाला. गिरणीची पायरी चढणार नाही, असं मी गावभर सांगत फिरलो. पोटासाठी बायको, हेस्टर, तिथं जाऊ लागली. यंत्रांच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, म्हणून तिथल्या बायका नुसते ओठ हलवून बोलतात. ती सवय घरीही आली. “अगं, आवाज गिरणीत विसरलीस का?” मी चिडायचो. रविवारी तिची मैत्रीण टॅबिथा आली, की विस्तवापुढे दोघी आवाजाविना खिदळायच्या. मी पाहुण्यासारखा कोपऱ्यात. शेवटी हेस्टर कामावर गेल्यावर रोज दाढीच्या आरशासमोर बसून मी ओठांनी बोलायला शिकलो. आज जेवताना हिय्या करून विचारलं, आवाज न काढता: “मला घेतील गिरणीत?” हेस्टरनं चमचा खाली ठेवला. कित्येक दिवसांनी तिचा आवाज ऐकला. “नाही हो. त्यांना बायका आणि पोरंच लागतात.”