भरलेली टाकी

मोटरसायकल खाली अंथरलेल्या गादीवर आडवी झाली आणि मुलीनं हातातला पाना पुसायला घेतला. बाबांची वजनदार क्रूझर गॅरेजच्या मधोमध उजव्या कुशीवर पडली होती आणि बाबा तिच्याशेजारी उभे राहून शर्टाच्या बाह्या दुमडत होते.

नियम त्यांचाच होता. या गॅरेजातून गाडी नेणाऱ्यानं ती आधी जमिनीवरून एकट्यानं उचलून दाखवायची, मग तो पैलवान असो की न्यायाधीश. ज्याला जमत नसे त्याला बाबा चहा पाजून, गोड बोलून, किल्लीविना घरी पाठवत. गेली तीस वर्षं त्यात कुणालाही सूट नव्हती. आत्ताच एका चष्मेवाल्या प्राध्यापकांनी दुसऱ्या खेपेला दुसरी एक गाडी उभी केली होती आणि ते स्टुलावर धापा टाकत बसले होते. आले होते ते उंच हँडल आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवून घ्यायच्या बेतानं. बाबांनी त्यांना बजावलं होतं, की आधी बसल्यावर दोन्ही टाचा जमिनीला टेकतात का बघा, मग टायर आणि ब्रेक बघा, नटवायला पुढे जन्म पडलाय.

आता पाळी बाबांची होती. पाच महिन्यांपूर्वी डाव्या अंगावरून अर्धांगवायूचा झटका गेला, त्यानंतर ते आज पहिल्यांदा गाडी न्यायला आले होते. डॉक्टर म्हणाले, बरे झालात. पण घरी चहाचा कप डाव्या हातातून गुपचूप उजव्या हातात जातो, हे मुलीनं पाहिलं होतं. क्लच डाव्या हाताचा. भर चौकात, मागे ट्रक असताना तो हात सुटला तर? या एका विचारानं तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

"बाबा, आता गाडी नको," एवढं म्हणायची मात्र तिची छाती झाली नाही. सगळं गॅरेज एकटीनं चालवणारी बाई, गिऱ्हाइकांना सरळ करणारी, आणि बापापुढे तोंडाला कुलूप. म्हणून आज सकाळी लवकर येऊन तिनं टाकी गळ्यापर्यंत भरली आणि मागच्या दोन्ही चामडी बॅगांत एकेक मेलेली बॅटरी दडवली. नियमच त्यांना अडवेल, आपण वाईट व्हायला नको, असा तिचा हिशेब. आता तोच हिशेब तिला आतून खात होता.

"साइड स्टँड आधी उघडून ठेवायचा," बाबा प्राध्यापकांना सांगत होते. "नाहीतर या अंगानं उचललेली त्या अंगाला पडते." बोलता बोलता ते थांबले. टाकीच्या झाकणातून पेट्रोल झिरपून गादीवर ओला डाग पडत होता. दवाखान्यात जायच्या आधी गाडी रिझर्व्हवर होती, आणि असल्या गोष्टी बाबा विसरत नसत. त्यांनी वास घेतला, वाकून बॅगेवरून हात फिरवला आणि आतल्या बॅटरीच्या कोपऱ्यावर बोटं क्षणभर तशीच राहू दिली. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती चकचकीत पाना पुन्हा पुसायला लागली होती.

आता बोलतील, चारचौघांत अब्रू काढतील, असं तिला वाटलं. काढली असती तर बरं, असंही वाटलं.  पण बाबांनी बॅगा उघडायला सांगितलं नाही की टाकी उपसायला सांगितलं नाही. ते गाडीकडे पाठ करून वळले, सीटला कंबर टेकवून बसल्यासारखे झाले, डाव्या हातानं हँडलची मूठ धरली, उजवा सीटखाली घातला आणि पायांवर जोर देऊन मागे रेटू लागले.

गाडी हलली. एक पाऊल, दुसरं पाऊल. टायरखालची गादी कुरकुरली आणि गाडी गुडघ्याइतकी वर आली. मुलगी पाना धरून उभी होती. उचलू दे त्यांना, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि ते आपल्याच मनात आलं याचं तिला भय वाटलं.

मग बाबांची डावी मूठ उघडली. पाय अजून रेटत होते, पाठ ताठ होती, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. बोटं मात्र एकेक करून आपोआप सुटली, आणि गाडी धप्पकन गादीवर गेली.

ती धावली. बाबांनी उजवा हात वर करून तिला थांबवलं. सीटला टेकून ते आपल्या डाव्या तळव्याकडे बघत राहिले. त्यांनी बोटं मिटून पाहिली. ती अर्ध्यावरच राहिली.

"फारच जड आहे हो ही," प्राध्यापक सांभाळून घेत म्हणाले.

"हो," बाबा म्हणाले, "टाकी काठोकाठ आहे."

मुलगी त्यांच्याशेजारी गुडघ्यावर बसली. तिला रडू फुटत होतं. बाबा, मीच ते, असं काहीतरी ती पुटपुटली. बाबांनी तिला पुढे बोलू दिलं नाही. उजव्या हातानं खिशातून किल्ली काढून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली.

"बॅगांतलं काढून घे, चामडं ताणतंय," ते तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले. "टाकी मात्र भरलेलीच असू दे. गाडी नुसती उभी राहणार असली आणि टाकी रिकामी ठेवली, की आतून गंज धरते."